टपावरचा सर्फबोर्ड: स्केल मॉडेल गाड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी जुळवून झाली, रंग वाळला, चाकं बसली आणि मग लक्षात येतं की टप मोकळा दिसतोय, तिथे एखादा सर्फबोर्ड, म्हणजे समुद्राच्या लाटांवर स्वार व्हायची फळी, हवा होता. तिथून पुढे जे प्रश्न पडतात ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना सारखेच पडतात. मी १:२४ (म्हणजे खऱ्यापेक्षा चोवीस पटींनी लहान) आणि १:६४ अशा दोन मापांत बोर्ड करत आलोय. त्यातले बरेच फसले, काही जमले. खालची उत्तरं दोन्हींतून आलेली आहेत.

माझ्या गाडीला किती लांबीचा बोर्ड लागेल?

आधी खरा बोर्ड किती मोठा असतो ते पाहू. लाँगबोर्ड साधारण नऊ ते दहा फुटांचा, बावीस-तेवीस इंच रुंद आणि तीन इंचांच्या आसपास जाड. शॉर्टबोर्ड सहा फुटांच्या आगेमागे, एकोणीस इंच रुंद आणि अडीच इंच जाड. नऊ फूट म्हणजे २७४३ मिमी. याला स्केलच्या आकड्याने भागा, झालं.

नऊ फुटी लाँगबोर्ड असा येतो:

१:१८ – लांबी १५२ मिमी, रुंदी ३२, जाडी ४
१:२४ – लांबी ११४ मिमी, रुंदी २४, जाडी ३
१:४३ – लांबी ६४ मिमी, रुंदी १३, जाडी पावणेदोन
१:६४ – लांबी ४३ मिमी, रुंदी ९, जाडी जेमतेम सव्वा
१:८७ – लांबी साडेएकतीस मिमी, आणि जाडी एक मिमीपेक्षाही कमी

सहा फुटी शॉर्टबोर्ड १:२४ मध्ये ७६ मिमी, १:६४ मध्ये साडेअठ्ठावीस. तुमचं किट १:२५ चं असेल तर १:२४ चा बोर्ड बिनधास्त लावा. फरक चार टक्क्यांचा आहे, आणि खरे बोर्डही काही एकाच मापाचे नसतात.

एक आकडा मात्र डोक्यात ठेवा. पहिल्या पिढीची फोक्सवॅगन बस सुमारे ४.२८ मीटर लांब होती. तिच्यावर नऊ फुटी बोर्ड ठेवला तर तो गाडीच्या लांबीच्या पाऊण भागालाही पोचत नाही. जुनी मिनी मात्र ३.०५ मीटरचीच. तिच्यावर साडेनऊ फुटी बोर्ड ठेवलात तर गाडी आणि बोर्ड जवळजवळ बरोबरीचे होतात. हे विचित्र दिसेल, पण चूक नाही.

डब्यावर १:६४ लिहिलंय, तरी त्या मापाचा बोर्ड बसत नाही. असं का?

कारण खेळण्यातल्या छोट्या धातूच्या गाड्या बऱ्याचदा खऱ्या १:६४ नसतात. सगळ्या गाड्या एकाच आकाराच्या पाकिटात आणि एकाच रुळावर मावाव्यात म्हणून मोठी गाडी जास्त लहान केलेली असते आणि छोटी गाडी कमी. ट्रक आणि बीटल एकाच लांबीचे निघतात ते त्यामुळेच.

म्हणून डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. खऱ्या गाडीची लांबी मिलिमीटरमध्ये शोधा आणि तिला तुमच्या हातातल्या मॉडेलच्या लांबीने भागा. समजा बस ४२८० मिमी आणि मॉडेल ७१ मिमी, तर तुमचं खरं स्केल सुमारे १:६० आहे. नऊ फुटी बोर्ड मग साधारण ४६ मिमीचा झाला. हा हिशेब दोन मिनिटांचा आहे, आणि तो न केल्यामुळे मी एकदा सहा बोर्ड फुकट घालवलेत.

तयार बोर्ड कुठे मिळतात?

सर्वांत आधी स्वतःच्या उरलेल्या सुट्या भागांच्या डब्यात बघा. अमेरिकन किटांमध्ये, विशेषतः एएमटी, रेव्हेल, मोनोग्राम यांच्या १:२४ आणि १:२५ किटांमध्ये, गाडी एकाहून जास्त प्रकारे जुळवता यावी म्हणून जादा भाग देण्याची जुनी पद्धत आहे. त्या जादा भागांत कधीकधी सर्फबोर्ड निघतो. तुमच्याकडे नसला तर हाच छंद असलेल्या मित्राकडे नक्की पडून असेल. ज्याने ती गाडी रेसिंगची केली, त्याला बोर्डाचं काय काम?

दुसरी जागा म्हणजे मोडकी धातूची खेळणी. हॉट व्हील्सच्या १९६८ च्या पहिल्या सोळा गाड्यांत 'डिओरा' होती, तिच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन सुटे बोर्ड होते. गंमत म्हणजे खरी डॉज डिओरा आणि तिचं खेळणं, दोन्हींच्या आराखड्यामागे हॅरी ब्रॅडली हा एकच माणूस. पण जुन्या डिओराचे बोर्ड काढून दुसऱ्या गाडीवर लावायचा विचार असेल तर थांबा. सुटे असल्यामुळे ते बोर्डच सगळ्यांत आधी हरवतात, आणि अस्सल बोर्डासकट असलेल्या गाडीला संग्राहक वेगळाच मान देतात. नव्या, स्वस्त खेळण्यांतले बोर्ड खुशाल वापरा.

तिसरी जागा रेल्वे मॉडेलवाल्यांची. १:८७ मध्ये समुद्रकिनाऱ्याचे प्रसंग, पोहणारी माणसं आणि छत्र्या असं बरंच काही तयार मिळतं. त्यातले बोर्ड छोट्या गाड्यांना शॉर्टबोर्ड म्हणून चालून जातात.

केकवर लावायचे, किल्लीच्या साखळीचे, बाहुलीचे बोर्ड चालतील का?

लांबी जुळली तरी जाडीवर मामला अडतो. केकवरचा बोर्ड पोराच्या हातात टिकावा म्हणून बनवलेला असतो, त्यामुळे तो पावासारखा फुगीर असतो. ११५ मिमी लांब आणि आठ मिमी जाड बोर्ड १:२४ च्या गाडीवर ठेवला की नाकापेक्षा मोती जड. तो भरीव असेल तर सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून खालची बाजू घासून जाडी निम्मी करता येते. पोकळ असेल तर घासताना भोक पडतं.

बाहुल्यांचे बोर्ड विसरा. त्या १:६ मापाच्या असतात, आणि त्या मापात नऊ फुटी बोर्ड दीड फुटाचा होतो.

कोणत्या गाडीवर कोणत्या काळाचा बोर्ड शोभतो?

माझ्या मते सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. लाकडी बॉडीच्या चाळीशीतल्या फोर्ड वॅगनवर तीन फिनांचा (फिन म्हणजे बोर्डाच्या पोटाला शेपटीकडे असणारं पातं) टोकदार शॉर्टबोर्ड पाहिला की मला बाकीची सगळी मेहनत दिसेनाशी होते. थोडा इतिहास माहीत असलेला बरा.

दुसऱ्या महायुद्धाआधीचे बोर्ड बहुतेक भरीव लाकडाचे, अजस्र आणि जड होते. टॉम ब्लेक या माणसाने पोकळ लाकडी बोर्ड आणले आणि १९३५ मध्ये बोर्डाला पहिल्यांदा फिन लावली. त्याआधीच्या बोर्डाला फिन दाखवलीत तर ती चूकच. चाळीशीच्या अखेरीस बाल्सा लाकडावर फायबरग्लासचं आवरण आलं आणि बोर्ड हलके झाले. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड बाजारात आणले. साठच्या दशकातला, टपावर दिसणारा, रंगीत पट्ट्यांचा गुळगुळीत लाँगबोर्ड तो हाच. १९६७ नंतर दोन-तीन वर्षांत बोर्ड झपाट्याने आखूड होत गेले. सत्तरीच्या सुरुवातीला पायाला बांधायची दोरी आली. तीन फिनांचा 'थ्रस्टर' सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन सर्फरने १९८०-८१ मध्ये रूढ केला.

आता यातली मेख. गाडीचं वर्ष आणि बोर्डाचं वर्ष एकच असायला हवं असं मुळीच नाही. लाकडी वॅगन सर्फरांकडे आल्या त्या जुन्या होऊन. लाकडाची निगा राखायला मालक कंटाळले, गाड्या स्वस्तात निघाल्या, आणि आत लांब बोर्ड मावत होते. त्यामुळे १९४८ च्या वॅगनवर १९६३ चा फोम बोर्ड अगदी खरा वाटतो. गाडी कुठल्या साली बनली हे न विचारता, तुमचं मॉडेल कुठल्या सालचं दृश्य दाखवतंय ते ठरवा. त्या सालापर्यंत निघालेला कुठलाही बोर्ड चालेल, पुढचा नाही.

घरी बनवायचा तर कशापासून?

१:६४ साठी आईस्क्रीमची काडी. १:४३ साठी डॉक्टर जीभ दाबून घसा बघतात ती लाकडी पट्टी. १:२४ आणि १:१८ साठी बासवुडची फळी किंवा प्लास्टिकचे, म्हणजे स्टायरीनचे, पत्रे.

हे मापातूनच ठरलंय. साधी काडी दहा मिमी रुंद असते आणि १:६४ चा बोर्ड नऊ. डॉक्टरची पट्टी अठरा मिमी रुंद आणि दीड मिमीच्या आसपास जाड असते, म्हणजे १:४३ ला जाडी जवळजवळ आयती मिळते. हीच पट्टी १:२४ ला वापरायचा मोह होतो, पण तिथे चोवीस मिमी रुंदी हवी. अठरात केलेला लाँगबोर्ड उपाशी दिसतो.

बाल्साबद्दल सगळे विचारतात, कारण खरे बोर्ड बाल्साचे होते. पण बाल्साचा बोर्ड बाल्सात करू नका. त्या लाकडाची छिद्रं आणि रेघा मोठ्या असतात, आणि लाकूड काही स्केलप्रमाणे बारीक होत नाही. चोवीस पटींनी लहान बोर्डावर त्या रेघा भेगांसारख्या दिसतात. लाकडी दिसणारा बोर्ड करायचा असेल तर बासवुड घ्या, त्याचा पोत बारीक असतो. वर रंगच द्यायचा असेल तर स्टायरीन सगळ्यांत सोपं. एक मिमीचे तीन पत्रे एकावर एक प्लास्टिक सिमेंटने चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. दुसऱ्या दिवशी तासायला घ्या.

काडीपासून बोर्ड करायची पद्धत नीट सांगाल का?

कागद उभा दुमडा. घडीच्या बाजूने बोर्डाचा अर्धाच आकार काढा, कापा आणि उघडा. दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. हाताने पूर्ण आकार काढून दोन्ही बाजू जुळवत बसू नका, त्यात संध्याकाळ जाते. लाँगबोर्डाचं नाक गोल आणि रुंद असतं, शेपटी थोडी चौकोनी किंवा अर्धगोल, आणि सगळ्यांत रुंद जागा मध्याच्या आसपास. खऱ्या बोर्डाचा वरून काढलेला फोटो हवा त्या लांबीत छापून घेतलात तरी चालेल.

तो कागद काडीवर चिकटवा. काडी लांबीला बोर्डापेक्षा बरीच मोठी असते, तर तो जादा तुकडा लगेच कापू नका. काम संपेपर्यंत ती तुमची मूठ आहे. ४३ मिमीचा तुकडा दोन बोटांत धरून घासणं म्हणजे नखंच घासून घेणं.

कडेचं लाकूड कटरने थोडं थोडं काढा, नेहमी रुंद भागाकडून टोकाकडे. उलट दिशेने गेलात तर पातं लाकडाच्या रेषेत घुसतं आणि नाकाचा टवका उडतो. मग २२० च्या पॉलिश पेपराने आकार, ४०० ने कडा. कडा गोल करताना पेपर बोटाच्या पेरावर धरा, सपाट ठोकळ्यावर नको. नाक आणि शेपटीकडे जाडी हळूहळू कमी करत न्या. शेवटी मूठ कापा आणि शेपटीला आकार द्या.

घासताना नाकावर मास्क हवा. लाकडाची धूळ असो की रेझिनची, दोन्ही छातीत जायला नको.

सगळं मापात केलं, तरी बोर्ड खेळण्यासारखाच दिसतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा कड. लोक लांबी-रुंदीवर जीव तोडून काम करतात आणि कड तशीच ठेवतात, पत्त्याच्या कॅटासारखी सरळ उभी. खऱ्या बोर्डाची कड निमुळती, गोलसर असते आणि तिच्यावर प्रकाशाची एक बारीक रेघ पळते. ही रेघ दिसली की नजर फसते. ती नसेल तर कितीही सुंदर पट्टे काढा, बोर्ड फळीच राहतो.

आणि शंका आली तर बोर्ड पातळ करा. मॉडेलमध्ये थोडा पातळ बोर्ड कुणाला खटकत नाही, थोडा जाड मात्र लगेच डोळ्यांत येतो. मी १:२४ चे बोर्ड हिशेबाने येणाऱ्या तीन मिमीऐवजी पावणेतीनच ठेवतो.

बोर्डाला बाक कसा द्यायचा?

खरा बोर्ड सपाट जमिनीवर ठेवला तर नाक काही इंच वर असतं आणि शेपटी त्याहून कमी. १:२४ मध्ये लाँगबोर्डाचं नाक तीन-चार मिमी उचललं की पुरे. जास्त केलंत तर केळं होतं.

लाकूड असेल तर आकार कापण्याआधीच काडी गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळा, बाटलीच्या अंगाला रबराने बांधा आणि पूर्ण वाळू द्या. सोडल्यावर ती थोडी परत सरळ होते, म्हणून हवा त्यापेक्षा किंचित जास्त वाकवा. याहून खात्रीची युक्ती म्हणजे दोन पातळ थर मध्ये गोंद घालून वाकवलेल्या साच्यावर चिकटवणं. गोंद वाळला की तो बाक कायमचा. स्टायरीनलाही हेच करा. उकळत्या पाण्यात ते मऊ होतं खरं, पण मऊ झाल्यावर कुठे वाकेल ते सांगता येत नाही.

मधली काळी रेघ कशी काढायची?

ती रेघ म्हणजे स्ट्रिंगर, फोम वाकू नये म्हणून मधोमध बसवलेली लाकडी पट्टी. खरी पट्टी सहा मिमी धरली तर १:२४ मध्ये पाव मिमी होते. म्हणून जाड पेनाने काढलेली रेघ मोठ्या मॉडेलवर गटारासारखी दिसते. ०.३ चा मेकॅनिकल पेन्सिलचा शिसा आणि पट्टी, एवढ्याने १:२४ चं काम होतं. तपकिरी रंगाने काढलीत तर काळ्यापेक्षा बरी दिसते. ओल्या शाईचं मार्कर लाकडावर वापरू नका, शाई रेषांतून पसरते.

हौस असेल तर बोर्ड उभा कापून मध्ये गडद लाकडाचं पातळ व्हिनिअर घालून परत चिकटवा. मग कितीही घासलं तरी रेघ जात नाही. १:१८ ला ही मेहनत सार्थकी लागते. १:६४ ला स्ट्रिंगर नसला तरी चालतं.

फिन कशाची करू?

मुदत संपलेल्या बँकेच्या कार्डाची. ते पाऊण मिमी जाड असतं आणि १:१८, १:२४ ला ठीक बसतं. त्याहून छोट्या मापाला अर्ध्या मिमीचं किंवा पाव मिमीचं स्टायरीन. साठच्या दशकातली फिन इंग्रजी डी अक्षरासारखी, मोठी आणि एकच. १:२४ मध्ये तिची उंची दहा मिमीच्या आसपास. बोर्डात बारीक खाच पाडून तिच्यात फिन रोवा. नुसती वरून चिकटवलेली फिन पहिल्यांदा धूळ झटकतानाच निघते.

थर्माकोलचा बोर्ड केला आणि स्प्रे मारताच विरघळला!

माझाही. फवाऱ्याच्या रंगातलं द्रावक पॉलिस्टायरीनचा फोम खातं, सुपरग्लूही खातं. खऱ्या बोर्डांतही हीच अडचण आहे. पॉलियुरेथेन फोमवर पॉलिएस्टर रेझिन चालतं, पण पॉलिस्टायरीन फोमवर ते घातलं तर फोम वितळतो, तिथे इपॉक्सीच वापरावं लागतं. मॉडेललाही तोच उपाय: आधी लाकडाच्या पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन हात किंवा इपॉक्सीचा पातळ थर, मग रंग. पण खरं सांगू? थर्माकोलचे दाणे छोट्या मापात कधीच नीट घासले जात नाहीत. तो नाद सोडा.

रंग कुठला आणि कुठल्या क्रमाने?

लाकूड असेल तर आधी सँडिंग सीलर, ४०० ने घासणं, पुन्हा सीलर, ६०० ने घासणं. रेषा दिसेनाशा झाल्या की प्रायमर. प्रायमर पांढरा घ्या. करड्या प्रायमरवर पिवळा आणि नारिंगी रंग मळकट येतात, आणि बोर्डांना नेमके तेच रंग लागतात.

एक नियम पाळा: इनॅमलवर लॅकर मारायचा नाही. उलट चालतं. लॅकरमधलं तेज द्रावक खालच्या इनॅमलला उचलतं आणि पृष्ठभाग सुरकुततो. दोन रात्री खपून केलेला लाल-पांढरा बोर्ड माझ्या डोळ्यांदेखत म्हाताऱ्याच्या कपाळासारखा झाला, तेव्हापासून हा नियम मी डब्यावर लिहून ठेवलाय.

पांढरा रंग शुद्ध पांढरा घेऊ नका. त्यात पिवळ्याचा थेंब टाका. रेझिनचे बोर्ड उन्हात पिवळसर होतात आणि तो दुधी रंगच डोळ्यांना खरा वाटतो. पट्ट्यांसाठी मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग किंवा क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, हलका हात मारा. फटी बुजतात आणि वरचा रंग आत शिरत नाही.

चकाकीसाठी क्लिअरचे पातळ थर, मध्ये वाळायला वेळ. १:६४ च्या बोर्डाला पारदर्शक नेलपॉलिशही चालतं, फक्त आधी भंगार तुकड्यावर करून बघा, कारण तेही खालचा रंग उचलू शकतं. दोन भागांचं ऑटोमोटिव्ह क्लिअर काचेसारखं येतं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. योग्य श्वसनयंत्र आणि हवेशीर जागा नसेल तर त्याला हात लावू नका.

बोर्डावरची नक्षी आणि बोधचिन्हं?

पाण्यात भिजवून चित्र सोडवायच्या डिकल कागदावर घरच्या प्रिंटरने छापता येतात. पण साधा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. पारदर्शक कागदावर छापलेला पिवळा निळ्या बोर्डावर हिरवट होतो. म्हणून गडद बोर्डाला पांढऱ्या पाठीचा कागद घ्या आणि चिन्ह काठाला लागून कापा. इंकजेटची शाई पाण्यात जाते, तेव्हा छापल्यावर ऍक्रिलिक क्लिअरचे दोन हात द्या, मगच भिजवा.

चिन्ह छोटंच ठेवा. खऱ्या बोर्डावर ते हाताच्या पंजाएवढं असतं. १:२४ ला म्हणजे सात-आठ मिमी.

थ्रीडी प्रिंट केला तर?

रेझिन प्रिंटरवर उत्तम येतो. बोर्ड आडवा झोपवून छापू नका, त्याच्या बाकावर जिन्याच्या पायऱ्या दिसतात. जवळजवळ उभा, थोडा कलता ठेवा. आता गंमत बघा: छापताना बोर्डाला टेकू म्हणून जे आधार लागतात त्यांचे डाग लपावेत म्हणून सगळे आधार खालच्या बाजूला देतात. पण टपावर बोर्ड बहुतेक उलटा ठेवतात, म्हणजे खालची बाजूच वर दिसते! म्हणून आधी बोर्ड कसा ठेवणार ते ठरवा आणि मग आधार लावा.

पातळ बोर्ड अतिनील दिव्याखाली एकाच बाजूने पक्का केला तर पापडासारखा वळतो. मध्येच उलटा करत राहा. कच्च्या रेझिनला हातमोज्यांशिवाय शिवू नका.

एकसारखे आठ-दहा हवेत. प्रत्येक वेळी तासायचा का?

एकच चांगला करा, त्याचा सिलिकॉन रबराचा साचा घ्या आणि त्यात ओतून हवे तेवढे काढा. फिन वेगळी ठेवा, तिच्यासकट साचा घ्यायला गेलात तर ती दर वेळी मोडते.

रॅक आणि पट्टे कसे करू?

खऱ्या रॅकची दांडी पंचवीस मिमीच्या आसपास असते, म्हणजे १:२४ ला एक मिमीची पितळी तार. दोन आडव्या दांड्या, चार पाय. जुन्या गाड्यांत रॅक टपाच्या कडेच्या पन्हळीला पकडलेला असे, म्हणून पाय टपाच्या मध्यात नको, कडेला हवेत. दांडीवरच्या मऊ गादीसाठी वायरवर चढवायची, गरम केल्यावर आवळणारी नळी घाला किंवा काळा दोरा गुंडाळा.

पट्ट्यांना रबर वापरू नका, वर्षा-दोन वर्षांत ते चिकट होतं आणि रंगाला डाग पाडतं. मास्किंग टेप रंगवून एक मिमीच्या पट्ट्या कापा. साठच्या दशकातलं दृश्य असेल तर दोरीच बांधा. ०.४ मिमीचा सुती दोरा पातळ गोंदातून ओढून घेतला की त्याची लव बसते.

बोर्डाचं तोंड कुठे?

आजची रूढ पद्धत अशी: पोट वर, पाठ खाली, फिन पुढच्या बाजूला आणि आकाशाकडे. फिन पुढच्या पट्ट्याला अडकते, त्यामुळे बोर्ड मागे निसटत नाही. जुन्या फोटोंत मात्र सगळे प्रकार दिसतात, नाक पुढे असलेलेही. लाकडी वॅगनमध्ये बोर्ड मागच्या खिडकीतून बाहेर डोकावताना फारच गोड दिसतो. तो करायचा असेल तर काच बसवण्याआधी ठरवा.

मागच्या खिडकीतून बोर्ड काढायचा मोह हॉट व्हील्स बनवणाऱ्या मॅटेललाही झाला होता. १९६९ च्या फोक्सवॅगन 'बीच बॉम्ब'च्या नमुन्यांत बोर्ड मागच्या खिडकीतून आत घातलेले होते. पण ती अरुंद, वरून जड गाडी रुळावर ढकलणाऱ्या यंत्रात नीट चालेना. शेवटी बॉडी रुंद करून दोन्ही बाजूंना बोर्डांचे कप्पे दिले. मागून बोर्ड घातलेले ते मोजके नमुने आज संग्राहकांच्या जगात सर्वांत महाग हॉट व्हील्समध्ये गणले जातात.

बोर्ड वापरलेला दिसायला काय करू?

पाठ वर दिसणार असेल तरच तिच्यावर पाय घसरू नये म्हणून लावतात ते मेण दाखवा. चकचकीत क्लिअरवर मधल्या भागात मॅट क्लिअरचा कोरडा ब्रश टेकवत जा. नाकाला आणि कडेला एक-दोन टवके, त्यांवर थोड्या वेगळ्या पांढऱ्याचा ठिपका, म्हणजे दुरुस्ती केलेली दिसते. गंज, चिखल वगैरे गाडीवर टाका. बोर्डाला लोक गाडीपेक्षा जास्त जपतात.

शेवटी तो टपावर चिकटवायचा का?

सुपरग्लूने नाही. त्याच्या वाफेने रंगावर आणि काचेवर पांढरी धुरकट झाक येते, आणि ती पुसून जात नाही. बोर्ड रॅकला पांढऱ्या गोंदाच्या दोन थेंबांनी टेकवा आणि रॅक टपावर नुसता बसू द्या. उद्या दुसरा बोर्ड केलात तर पहिला ओल्या कापसाने सोडवून घेता येतो. दुसरा तुम्ही करणारच आहात, कारण पहिल्याची कड तुम्हाला आठवड्याभरात खटकायला लागेल.